घरातला कचरा कामाला लावायचा कसा

मी शिवणकाम करते. कात्री चालली की कतरण पडतेच, त्यामुळे टाकायचं काय आणि ठेवायचं काय हा प्रश्न माझ्या टेबलावर रोजचा आहे. तरीही हौसेच्या भरात एकदा मी रिकाम्या काचेच्या बाटल्यांवर रंगीत दोरा गुंडाळून, वर रंग देऊन अकरा फुलदाण्या केल्या होत्या. घरात फुलदाणी ठेवण्याजोग्या जागा दोन. उरलेल्या नऊ वर्षभर धूळ खात पडल्या आणि शेवटी कचऱ्यात गेल्या. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणानं. काच वितळवून पुन्हा पुन्हा काच करता येते, तिचा कस कमी होत नाही. मी गोंद, दोरा आणि रंग चिकटवून तिची ती वाटही बंद करून टाकली होती.

तेव्हापासून मी सुरुवात उलट्या टोकाकडून करते. हातात रिकामा डबा घेऊन ‘याचं काय करू?’ असं विचारत बसत नाही. घरात काय हवंय, काय विकत आणायला निघाले आहे, ते आधी बघते आणि मग टाकायच्या वस्तूंत त्याजोगं काही आहे का ते शोधते. आपण ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं सहज म्हणतो, पण यातला टिकाऊ हा शब्द अवघड आहे. जी वस्तू विकत आणायची वेळ टळते, ती टिकते. नुसती शोभेची सहा महिन्यांत परत डब्यात जाते.

आधी एक आठवडा नुसतं बघा

काहीही बनवायला घेण्याआधी सात दिवस कचऱ्याची नोंद ठेवा. वही आणि साधा वजनकाटा पुरतो. रोज रात्री ओला कचरा वेगळा तोला. बाकीच्याचं वजन करू नका, नग मोजा: बाटल्या किती, बरण्या किती, पुठ्ठे किती, चुरचुरीत पाकिटं किती. माझ्या पहिल्या आठवड्यात ओला कचरा चार किलोच्या वर भरला, बाटल्या आणि बरण्या मिळून सात, पुठ्ठ्याची खोकी पाच आणि पाकिटं एकतीस. मला वाटत होतं आमच्या घरी बाटल्यांचा सुळसुळाट आहे. खरा ढीग सालींचा आणि पाकिटांचा निघाला. तुमची यादी वेगळी असेल, पण मेहनत कुठे घालायची ते तीच सांगेल.

याच आठवड्यात दुसऱ्या पानावर आपण विकत काय आणलं तेही लिहा. फडकी, रोपांना खत, कपाटात खण पाडायला ट्रे, बांधायला दोरी. ही दोन पानं शेजारी ठेवली की निम्मी उत्तरं तिथेच दिसतात.

सालींची बादली

सर्वात जास्त वजन ओल्या कचऱ्याचं, म्हणून पहिला हात तिथे घाला. झाकणाची एक जुनी बादली घ्या, वीसेक लिटरची. तापवलेल्या खिळ्यानं तळाला आठ-दहा आणि बाजूंना वीसेक भोकं पाडा. खाली एक ताटली ठेवा, विटेच्या तुकड्यांवर बादली टेकवा, म्हणजे खालूनही हवा खेळेल.

तळाला चार बोटं सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. त्यावर दिवसभराच्या साली, देठं, चहाचा चोथा, चुरलेली अंड्याची टरफलं. त्यावर पुन्हा सुकं. रोजचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: ओल्याची एक वाटी, तर सुक्याच्या दोन वाट्या. वजन नाही, आकारमान. यामागे हिशोब आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३० ला १ या प्रमाणात मिळाले की ते जोमात काम करतात. सालींत नायट्रोजन भरपूर, सुक्या पाल्यात आणि पुठ्ठ्यात कार्बन भरपूर.

माझी पहिली बादली दहाव्या दिवशी इतकी घाण सुटली की घरच्यांनी ती बाहेर काढायला लावली. मी सुकं जवळजवळ घातलंच नव्हतं. साली दबून त्यांचा लगदा झाला, आतली हवा संपली आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी ताबा घेतला. कचऱ्याच्या मोठमोठ्या डोंगरांत खाली दबलेल्या अन्नाचं हेच होतं आणि तिथून मिथेन निघतो. बादलीवर उपाय एकाच संध्याकाळचा होता. सगळं कागदावर ओतलं, फाडलेला पुठ्ठा मूठमूठ मिसळला, मोकळं करून परत भरलं. तिसऱ्या दिवशी वास गेला.

ओलावा हातानं कळतो. मूठभर माल घेऊन दाबा. बोटांच्या फटीत ओल दिसली पण पाणी ठिबकलं नाही, तर बरोबर. ठिबकलं तर सुकं घाला. मुंग्या झाल्या तर बहुधा फार कोरडं झालंय, थोडं पाणी शिंपडा. चिलटं आली तर वरचा थर नेहमी सुक्याचा ठेवा, साल उघडी दिसता कामा नये. आठवड्यातून एकदा काठीनं खालीवर करा. दोन ते तीन महिन्यांत खालचा माल काळसर, भुसभुशीत होतो आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. साल ओळखू येत असेल तर अजून वेळ आहे.

घालू नये असंही आहे. तेलकट उरलंसुरलं, मांस, हाडं घरच्या छोट्या बादलीत नको, उंदीर येतात. चकचकीत रंगीत कागद नको. खरेदीच्या पावत्या तर मुळीच नको. त्या गुळगुळीत कागदावर उष्णतेनं अक्षर उमटवणाऱ्या रसायनांचा थर असतो. नखानं ओरखडा काढून बघा, काळी रेघ उठली की ती पावती याच जातीची. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आधी सोलून काढा. मी एकदा ती तशीच ठेवली आणि नंतर खतातून लांबलचक पट्ट्या उपसत बसले.

कापड, म्हणजे माझा प्रांत

जुना कपडा हातात आला की आधी तो कशाचा आहे ते ठरवा, कारण काम त्यावर ठरतं. आतल्या शिवणीतून एक दोरा ओढा, चिमट्यात धरा, स्टीलच्या ताटलीवर त्याला काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो, राख मऊ आणि करडी पडते. पॉलिएस्टर आधी आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला टणक काळा मणी राहतो. दोन्ही दिसलं तर मिश्र धागा आहे. सुती कापड पाणी पितं, त्याची फडकी, पुसणी करा. पॉलिएस्टर पाणी पीत नाही पण ओढ सहन करतं, त्याच्या पिशव्या, दोऱ्या, खोळी करा. पॉलिएस्टरचं फडकं नुसतं पाणी इकडून तिकडे ढकलतं. हा फरक लक्षात न घेता केलेली फडकी पडून राहतात.

कापायच्या आधी कपड्याची बटणं, साखळ्या, हुक, चांगल्या नाड्या काढून घ्या. एका प्रकारची बटणं एका दोऱ्यात ओवून ठेवा, सुटी ठेवलीत तर चार सारखी कधीच सापडणार नाहीत. साखळी काढताना दोन्ही बाजूंची शिवण उसवा, कात्रीनं कापू नका. कापलेल्या साखळीला परत शिवायला कापडच उरत नाही.

आता टी-शर्टची दोरी. हिला सुई लागत नाही, मशिनही नाही. ज्याच्या बाजूला शिवण नाही असा टी-शर्ट उत्तम. तो सपाट पसरा आणि दोन्ही बाह्यांच्या खालून एका रेषेत आडवा कापा. खालची दुमडलेली कडाही कापून टाका. हातात कापडाची एक नळी उरेल. ती आडवी ठेवा, एक बंद कडा तुमच्याकडे, दुसरी समोर. तुमच्याकडची कडा उचलून समोरच्या कडेकडे न्या, पण तिच्या अलीकडे तीन सेंटीमीटर थांबा. समोर तीन सेंटीमीटरचा एक पट्टा मोकळा दिसला पाहिजे.

आता तुमच्याकडच्या घडीपासून समोरच्या दिशेनं अडीच सेंटीमीटर अंतरावर काप घेत चला. प्रत्येक काप मधली कडा ओलांडून किंचित पुढे जाऊ द्या, पण मोकळा पट्टा शेवटपर्यंत कापू नका. सगळे काप झाले की नळी उचला. एका कण्याला लटकलेल्या गोल पट्ट्या दिसतील, माशाच्या काट्यासारख्या. तो कणा हातावर पसरा. पहिला काप तिरका: कडेपासून पलीकडच्या पहिल्या चिरेत. नंतर अलीकडच्या पहिल्या चिरेतून पलीकडच्या दुसऱ्या चिरेत, अलीकडच्या दुसऱ्यातून पलीकडच्या तिसऱ्यात. समोरासमोरच्या चिरा कापल्यात तर सुट्या गोल कड्या पडतील. तिरकं कापलंत तर एक अखंड पट्टी निघेल. मग हात-हात लांबीचा भाग धरून ताणत चला, कडा आत वळतात आणि गोल दोरी तयार होते. शरीराभोवतीचा घेर साधारण एक मीटर आणि वापरता येणारी लांबी ४० सेंटीमीटर धरली तर सोळा मीटर पट्टी एका टी-शर्टातून मिळते, ताणल्यावर आणखी लांब.

या दोरीनं मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधते, वेलांना आधार देते. मऊ असल्यामुळे देठ कापला जात नाही. चार टी-शर्टांच्या दोऱ्यांची तीनपदरी वेणी घालून, ती सपाट गोल फिरवत शिवली की ५० सेंटीमीटरचं पायपुसणं होतं. शिवताना वेणी ओढू नका. ओढलीत तर कडा वर उचलून पायपुसण्याची परडी होते आणि मग सगळं उसवावं लागतं. दर फेरीनंतर जमिनीवर ठेवून हातानं दाबून बघा.

बारीक कतरणीची मी उशी भरते, टाचणी खोचायची. झिजलेल्या साबणाची पातळ कपची वाळवून ठेवली की कापडावर खुणा करायच्या खडूचं काम करते. गडद कापडावर छान दिसते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. गेली कित्येक वर्षं मी खडू घेतलेला नाही. जुना टूथब्रश मशिनच्या दात्यांत अडकलेला कापसाचा मळ काढायला लागतो. मोडक्या सुया गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जमवते, म्हणजे कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला टोचत नाहीत. तुम्ही शिवत नसाल तरी पाती आणि ब्लेडं अशीच बंद करून द्या.

बाटली उलटी करून बघा

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. तीन बाणांच्या त्रिकोणाचं, पुनर्वापराचं मूळ चिन्ह १९७० मध्ये गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्यानं एका स्पर्धेसाठी काढलं. १ ते ७ हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं आणले, ते प्लास्टिकचा प्रकार ओळखण्यासाठी. म्हणजे त्रिकोण दिसला की वस्तूचा पुनर्वापर होणारच, असा अर्थ होत नाही. घरात उपयोग इतकाच: २ आणि ५ चे डबे दणकट असतात, सुक्या वस्तू ठेवायला बेलाशक वापरा. १ म्हणजे पाण्याची पातळ बाटली, तिच्यात गरम काही ओतू नका. ३ आणि ६ मध्ये खाण्याचं काही ठेवू नका.

१ नंबरच्या दोन लिटरच्या बाटलीची मी स्वतः पाणी पिणारी कुंडी करते. बाटली मधोमध कापा. झाकणाला तापल्या खिळ्यानं भोक पाडा, त्यातून वीत-सव्वा वीत लांबीची वात ओवा आणि आतल्या बाजूला गाठ मारा. झाकण लावून वरचा अर्धा भाग खालच्या भागात उलटा बसवा. वातीचं खालचं टोक तळाला टेकलं पाहिजे, वरचं टोक मातीत मधोमध हवं. माती भरा, रोप लावा, आणि पहिल्यांदा पाणी वरूनच घाला. वात एकदा भिजल्याशिवाय पाणी वर चढत नाही. इथेच बहुतेकांचं रोप वाळतं. नंतर फक्त खालच्या भागात पाणी भरायचं, छोट्या रोपाला पाच-सहा दिवस पुरतं.

वात कशाची, याची परीक्षा आधी घ्या. पट्टीचं एक टोक पेल्यातल्या पाण्यात सोडा, दहा मिनिटांनी ओल किती वर आली ते बघा. माझी सुती वात चांगली चढायची, पण चार महिन्यांत मातीत कुजून तुटली. आता मी बुटाची जुनी नायलॉनची नाडी वापरते. पारदर्शक बाटलीत उजेडानं शेवाळ धरतं, म्हणून खालच्या भागाला जोडीदार हरवलेला मोजा चढवते. उन्हात ही बाटली वर्षभरात ठिसूळ होते. तडकायच्या आधी, तुकडे पडायच्या आधी, ती रद्दी-प्लास्टिकमध्ये देऊन टाका.

काचेच्या बरण्यांचं फारसं काही करू नका, बरणी म्हणूनच वापरा. लेबलाचा चिकटा निघत नसेल तर खाण्याचं तेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात कालवून चोळा, अर्धा तास ठेवा, पुसून घ्या. दोरा पेटवून बाटली कापण्याचा उद्योग कुणाला शिकवू नका आणि स्वतः करू नका. कड कधीच सरळ येत नाही आणि काचेची कुसळं बोटांत राहतात. ॲल्युमिनियमच्या डब्याचे पेनस्टँडही मी करत नाही. तो भंगारात गेला तर त्यातून पुन्हा ॲल्युमिनियम करायला, खनिजापासून करण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. एवढं मोठं काम ज्याच्या वाट्याला आहे त्याला टेबलावर अडवून का ठेवायचं?

लाकडी पेट्यांच्या फळ्या मिळाल्या तर शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलंय, ते फळीला, स्टुलाला चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका.

उरलेलं तेल

तळणाचं तेल सिंकमध्ये ओतलं की नळीत थिजून बसतं. थोडं असेल तर कागदानं टिपून घ्या. जास्त साठत असेल तर साबण करता येतो, पण हे काम घाईत, मुलं आसपास असताना करायचं नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच.

सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं वापरलेलं तेल फडक्यातून गाळून ५०० ग्रॅम तोला. कॉस्टिक सोडा (खाण्याचा सोडा नव्हे) ६४ ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. तिन्ही वजनानं, वाटीनं नाही. खोबरेल तेलाला सोडा बराच जास्त लागतो, म्हणून हा आकडा त्याला लावू नका. स्टीलच्या भांड्यात आधी पाणी, मग त्यात थोडाथोडा सोडा. उलट केलंत तर उकळी फुटून अंगावर येते. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू निघतो. पाणी आपोआप खूप तापेल. ते कोमट झालं की कोमट तेलात धार धरून ओता आणि ढवळत राहा. चमच्यावरून पडलेला ओघळ पृष्ठभागावर क्षणभर दिसत राहिला की साच्यात घाला. वापरलेल्या तेलाला वेळ लागतो, मला एकदा पाऊण तास लागला होता. दुधाचं रिकामं खोकं चांगला साचा आहे. दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापा आणि किमान चार आठवडे हवेशीर जागी ठेवा. भांडी, फडकी, फरशी यासाठी हा साबण उत्तम. चेहऱ्याला लावू नका.

याला हात लावू नका

बॅटऱ्या, बल्ब, जुने फोन, मुदत संपलेली औषधं यांतून काही घडवायला जाऊ नका. लिथियमच्या बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेते. लांबट नळीच्या आणि पिळाच्या दिव्यांत थोडा पारा असतो. या वस्तू एका वेगळ्या डब्यात साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, औषधं परत घेणाऱ्या ठिकाणी द्या. जुन्या टायरच्या कुंड्या दिसायला छान दिसतात, पण खायच्या भाज्या मी त्यात लावत नाही. रबरातून जस्त आणि इतर रसायनं मातीत उतरतात.

तीन महिन्यांनी तीच वही काढा आणि परत सात दिवस मोजा. माझा ओला कचरा बाहेर जाणं जवळपास थांबलं होतं, बाटल्या दोनावर आल्या होत्या. पाकिटं मात्र अठ्ठावीस. त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते घरी सुटे करता येत नाहीत. मी त्यांच्या पट्ट्या विणून एक पिशवी केली होती, आठवडाभर घडी घालून घालून ती चिरली. मग मी यादीत बघितलं, अठ्ठावीसपैकी एकोणीस पाकिटं दोनच वस्तूंची होती. त्या दोन आता मोठ्या पाकिटात येतात आणि ५ नंबरच्या डब्यात भरल्या जातात. मागच्या मोजणीत पाकिटं अकरा होती.